वही, सुई आणि भिंत: हिप-हॉपच्या प्रेमातून घडलेल्या वस्तू आणि कविता

हिप-हॉपला २०२३ मध्ये पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने गाण्यांवर भरपूर लिहिले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत आणखी दोन घटना घडल्या आणि गाण्यांच्या गलबल्यात त्या थोड्या मागे पडल्या. बाल्टिमोर आणि सेंट लुईस येथील कलासंग्रहालयांनी मिळून ‘द कल्चर’ हे प्रदर्शन भरवले. त्यात हाताने रंगवलेले केसांचे टोप आणि शिवलेले कपडे यांना चित्र-शिल्पांच्या पंगतीत जागा मिळाली. नोव्हेंबरमध्ये अटलांटातील एका गाजलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी रॅपच्या काही ओळी पुरावा म्हणून मांडायला सशर्त परवानगी दिली. एकीकडे शिवलेली वस्तू कला ठरत होती आणि दुसरीकडे लिहिलेली ओळ कबुलीजबाब ठरण्याची शक्यता होती.

हिप-हॉपच्या ओढीने लोकांनी हाताने केलेल्या वस्तू आणि लिहिलेल्या कविता यांचे नेमके स्थान काय, हा वाद गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. कवितेचा वाद साहित्याच्या अभ्यासकांनी चालवला, तर वस्तूंचा वाद संग्रहालये, फॅशनचे जग आणि न्यायालये यांच्यात फिरत राहिला. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या वह्यांत होत गेली. या लेखात त्या एकत्र ठेवून पाहायच्या आहेत.

हाताने झालेली सुरुवात

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मानली जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी तिला पैसे उभे करायचे होते. निमंत्रणे साध्या कार्डांवर हाताने लिहिली होती. प्रवेश मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. तोच पुढे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वापरून लांबवत नेण्याची त्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती हाताने लिहिलेली कार्डे मात्र इतिहासात तळटीप होऊन राहिली.

अशा तळटिपा पुष्कळ आहेत. ग्रँडमास्टर फ्लॅश तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. रेकॉर्ड हाताने मागे-पुढे करायची तर तिच्याखालचा रबरी मॅट आड येई, कारण तो रेकॉर्डला घट्ट धरून ठेवी. त्याची आई शिवणकाम करायची, त्यामुळे कोणते कापड कसे वागते हे त्याला घरातच कळले होते. त्याने फेल्टचा तुकडा आणला, आईचे स्टार्च त्यावर फवारले आणि कडक इस्त्री फिरवली. पातळ, ताठ चकती तयार झाली. तिला तो ‘वेफर’ म्हणे. या चकतीमुळे खालची तबकडी फिरत राहून वरची रेकॉर्ड बोटांनी थांबवता येऊ लागली. आज ही वस्तू स्लिपमॅट नावाने दुकानात मिळते. डीजेच्या कलेचा एक पाया असा शिवणाच्या टेबलावर घातला गेला.

पार्ट्यांची पत्रके हा दुसरा मोठा साठा. बडी एस्क्वायर हा मुळात भिंतींवर नाव लिहिणारा मुलगा. त्याने ग्रंथालयातील पुस्तके पाहून अक्षरलेखन शिकले आणि आर्ट डेकोच्या वळणाची चौकट उचलली. छापील अक्षरांचे ट्रान्सफर कागद, कात्री, गोंद आणि झेरॉक्स यंत्र एवढ्या भांडवलावर त्याने सुमारे तीनशे पत्रके केली. फेझ टू हा त्याचा समकालीन. फुगीर ‘सॉफ्टी’ अक्षरांचा जनक म्हणून ग्राफिटीच्या इतिहासात त्याचे नाव आहे. तोही पत्रके करीत असे. ज्या काळात या संगीताच्या रेकॉर्डच निघत नव्हत्या, त्या काळाचा मुख्य कागदोपत्री पुरावा म्हणजे ही पत्रके.

कपड्यांचे सूत्र त्याआधीचे आहे. सत्तरच्या सुरुवातीला ब्रॉन्क्सच्या टोळ्या बाह्या कापलेल्या डेनिम जाकिटांवर आपली चिन्हे शिवत. टोळ्यांचा जोर ओसरल्यावर जाकीट राहिले आणि चिन्हांच्या जागी चित्रे आली. क्वीन्समधील जमैका कोलोसियम मॉलमध्ये १९८६ पासून ‘शर्ट किंग्ज’ हे त्रिकूट एअरब्रशने शर्ट रंगवून देऊ लागले. हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर डॅपर डॅन याचे दुकान १९८२ पासून चोवीस तास उघडे असे. मोठ्या फॅशन घराण्यांची बोधचिन्हे तो चामड्यावर स्वतः छापी आणि त्यातून त्या घराण्यांनी कधीही न काढलेले कोट शिवी. एरिक बी. आणि रकीम यांच्या ‘फॉलो द लीडर’ (१९८८) या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचेच काम दिसते.

वस्तू आणि शब्द एकाच माणसाच्या हातून निघाल्याचे उदाहरण म्हणून रॅमेलझी (१९६०–२०१०) याचे नाव घ्यावे लागते. त्याने रेल्वेगाड्यांवर अक्षरे रंगवली, ‘बीट बॉप’ (१९८३) हा रॅप केला आणि अक्षरांच्या युद्धाविषयी एक गूढ सिद्धांतही लिहिला. मग टाकाऊ प्लास्टिक, मोडकी खेळणी आणि स्केटबोर्डचे भाग जोडून त्या सिद्धांतातील अक्षरांची वाहने बनवली, त्यातील पात्रांचे चिलखतासारखे पोशाख बनवले. त्याला कवी म्हणायचे, शिल्पकार म्हणायचे की कारागीर, याचे उत्तर त्याच्या हयातीत कोणी ठामपणे दिले नाही.

कवितेची वाट

कवितेच्या बाजूला हिप-हॉपचे पूर्वज शोधणे सोपे आहे. १९ मे १९६८ रोजी, म्हणजे माल्कम एक्सच्या जन्मदिवशी, हार्लेममधील एका बागेत ‘द लास्ट पोएट्स’ हा गट उभा राहिला. ढोलाच्या साथीने राजकीय कविता म्हणणारी ही मंडळी. गिल स्कॉट-हेरन याचा पहिला अल्बम १९७० चा. ब्लॅक आर्ट्स चळवळीने कविता रस्त्यावर आणली होती. न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन कवींनी सत्तरच्या दशकात न्युयोरिकन पोएट्स कॅफे सुरू केला.

रॅप लिहिला जातो, हे अनेकदा विसरले जाते. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले तेव्हा त्यातील एका गायकाने म्हटलेल्या ओळी ब्रॉन्क्सचा रॅपर ग्रँडमास्टर कॅझ याच्या वहीतल्या होत्या. वही उसनी दिली गेली. कॅझला ना श्रेय मिळाले ना मानधन. हिप-हॉपच्या पहिल्या मोठ्या यशाच्या मुळाशी अशी एक हस्तलिखित वही आहे आणि तिच्या मालकीचा न मिटलेला प्रश्न आहे.

पुढची वाट सांगायला फार वेळ लागत नाही. १९८६ मध्ये शिकागोत पोएट्री स्लॅम (कविता सादर करण्याची स्पर्धा) सुरू झाले, १९८९ मध्ये ते न्युयोरिकनमध्ये आले. १९९८ मध्ये सॉल विल्यम्सची भूमिका असलेल्या ‘स्लॅम’ चित्रपटाला सनडान्सचा मुख्य पुरस्कार मिळाला. २००२ ते २००७ ‘डेफ पोएट्री’ हा कार्यक्रम एचबीओवर चालला. तुपाक शकूर याच्या विशीच्या आसपासच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यात त्याचे हस्ताक्षर जसेच्या तसे छापले आहे, खाडाखोडीसकट. ‘द ब्रेकबीट पोएट्स’ हा संग्रह २०१५ मध्ये शिकागोच्या वर्तुळातून निघाला आणि हिप-हॉप ऐकत वाढलेल्या कवींची पिढी एका जागी दिसली.

पहिला वाद: कागद की कंठ

या वादात तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका अशी, की रॅप ही कविता आहे आणि ती कवितेसारखी वाचली पाहिजे. अॅडम ब्रॅडली यांचे ‘बुक ऑफ राइम्स’ (२००९) हे या बाजूचे सर्वांत सुसंगत पुस्तक. त्यांच्या मते रॅपमध्ये दुहेरी लय असते. वाद्यांचा ताल ठरलेला असतो आणि आवाज त्याच्याशी कधी जुळवून घेतो, कधी मुद्दाम मागे-पुढे सरकतो. छंद आणि बोलण्याची लय यांच्यातला जो ताण पारंपरिक कवितेत कान देऊन ओळखावा लागतो, तो इथे उघड ऐकू येतो. याच विचारातून २०१० मध्ये येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने ‘द अँथॉलॉजी ऑफ रॅप’ हा जाडजूड संग्रह काढला. त्याच वर्षी जे-झी याने ‘डीकोडेड’मध्ये स्वतःच्या ओळींना तळटिपा जोडल्या. त्याआधी १९९१ मध्ये तत्त्वज्ञ रिचर्ड शुस्टरमन यांनी रॅपला ललितकलेचा दर्जा देणारा निबंध लिहिला होता.

दुसरी भूमिका म्हणते, की रॅप कागदावर उतरवला की त्याचा जीव जातो. या बाजूला रॅपचे विरोधक नाहीत, त्याचे जाणकारच जास्त आहेत. येलच्या संग्रहाचे उदाहरण त्यांच्या कामाला आले. त्यातील लिप्यंतराच्या चुका समीक्षकांनी एकामागून एक दाखवून दिल्या. शब्द चुकीचे ऐकले गेले होते आणि काही ठिकाणी त्यामुळे अर्थ उलटला होता. या चुका निष्काळजीपणाच्या होत्या की लिप्यंतरातच अटळ होत्या, यावर मतभेद आहेत. अडचण मात्र खरी आहे. पुस्तकात साधारणपणे तालाच्या एका आवर्तनाला एक ओळ दिली जाते. पण रॅपर वाक्य अनेकदा आवर्तन संपण्याआधीच उचलतो आणि पुढच्या आवर्तनात नेऊन सोडतो. स्वर ताणून किंवा दाबून दोन न जुळणाऱ्या शब्दांचे यमक जुळवतो. ओळ कुठे तोडायची हे कागद ठरवतो तेव्हा ते यमक दिसेनासे होते. ओळ तोडली नाही तर वाचणाऱ्याचा श्वास अडतो.

तिसरी भूमिका कवींची आहे. रॅप ही कविता आहे का, हा प्रश्न ते बाजूला ठेवतात आणि हिप-हॉपकडून कागदावरच्या कवितेने काय शिकावे, असे विचारतात. ब्रेकबीट कवी या गटात येतात. कवी टेरन्स हेझ यांनी रूढ केलेली ‘गोल्डन शॉव्हेल’ ही रचना हिप-हॉपमधून थेट आलेली नाही, पण त्या जातकुळीची आहे. दुसऱ्या कवीची एखादी ओळ घ्यायची आणि तिचा एकेक शब्द आपल्या ओळींच्या शेवटी क्रमाने ठेवायचा. हेझ यांनी यासाठी ग्वेंडोलिन ब्रूक्स यांची कविता घेतली. मूळ ओळ कवितेच्या उजव्या कडेला उभी वाचता येते आणि तिच्या आधाराने नवी कविता चालते. सॅम्पलिंगचे, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याचे, याहून स्वच्छ कागदी रूप सापडणे कठीण.

संस्थांनी या वादात सावध पवित्रा घेतला. केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ या अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर मिळाले, ते संगीताच्या विभागात. अभिजात आणि जॅझ यांच्याबाहेर हा पुरस्कार प्रथमच गेला. कवितेच्या विभागाने त्यावर काही म्हणण्याची वेळ आली नाही. स्टॅन्ली क्राउच, विन्टन मार्सालिस यांच्यासारख्या जॅझ परंपरेतील मोठ्या नावांचा रॅपला असलेला आक्षेपही नोंदवायला हवा. त्यांचा रोख रचनेपेक्षा आशयावर होता. हिंसा आणि स्त्रियांची हेटाळणी यांमुळे कृष्णवर्णीय समाजाचेच नुकसान होते, असे ते म्हणत आले.

दुसरा वाद: रस्ता की संग्रहालय

वस्तूंच्या बाबतीत जतनाची बाजू प्रबळ आहे. कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये हिप-हॉप संग्रह सुरू केला. बडी एस्क्वायरची पत्रके आज तिथे आहेत. ब्रॉन्क्समध्ये ‘द हिप हॉप म्युझियम’ची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने २०२४ मध्ये हिप-हॉपचे दागिने मांडले. जतनवाद्यांचा मुद्दा सरळ आहे. झेरॉक्सचा कागद पिवळा पडतो, भिंत पाडली जाते, जाकीट विरते. कोणी ठेवले नाही तर उरणार काय?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की या वस्तू वापरासाठी होत्या. पत्रक लोकांना पार्टीपर्यंत आणण्यासाठी होते. भिंतीवरचे चित्र त्यावर दुसऱ्याने रंगवेपर्यंतच टिकावे, हा ग्राफिटीचा अलिखित नियम होता. काचेमागे गेलेल्या वस्तूला किंमत येते, पण ती बहुधा करणाऱ्याच्या हातात पडत नाही. २०२० मध्ये सदबीजच्या लिलावात रॅपर नोटोरियस बी.आय.जी. याने एका छायाचित्रासाठी घातलेला प्लास्टिकचा मुकुट ५ लाख ९४ हजार डॉलरहून अधिक किमतीला गेला. छायाचित्रकाराने तो सहा डॉलरला आणला होता. इथे किंमत आठवणीला आली. कारागिरीला बाजारात तेवढे मोल येते का, हे त्यावरून कळत नाही.

‘फाइव्ह पॉइंट्झ’ प्रकरणाने या वादाला कायदेशीर वळण दिले. क्वीन्समधील या कारखाना-संकुलाच्या भिंती मालकाच्या संमतीने अनेक वर्षे रंगवल्या जात होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने रातोरात पांढरा रंग फासला. कलाकार न्यायालयात गेले. १९९० च्या दृश्यकलाकार हक्क कायद्याखाली २०१८ मध्ये २१ कलाकारांना एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर झाली. हिशेब सोपा होता: ४५ कलाकृती, प्रत्येकी दीड लाख. २०२० मध्ये अपिलातही निकाल टिकला. जे टिकणारच नव्हते, त्याला कायद्याने टिकण्याचा हक्क दिला. काही ग्राफिटीकारांना यात न्याय दिसतो. मालक यापुढे भिंती द्यायलाच कचरतील, अशी धास्तीही अनेकांना वाटते.

उसने घेतलेल्या साहित्याचा प्रश्न

दोन्ही वाद एकमेकांना सर्वांत स्पष्टपणे भेटतात ते इथे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या एका गाण्यातील विनापरवाना सॅम्पलला चोरी ठरवले. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच चोरीविषयीच्या बायबलमधील आज्ञेने केली. त्यानंतर सॅम्पल वापरणे महाग झाले आणि अनेक तुकडे जोडून ध्वनीची वाकळ शिवण्याची शैली मागे पडली. १९९२ मध्ये फेंडीच्या कायदेशीर कारवाईनंतर डॅपर डॅनचे दुकान बंद झाले. त्या वेळी कंपनीच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत सोनिया सोटोमायोर होत्या. त्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. आवाजाची उसनवारी आणि चिन्हाची उसनवारी, दोन्हींवर जवळजवळ एकाच वेळी दरवाजा बंद झाला.

कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या नावावर आपला माल विकणे याला बाजार खपवून घेत नाही आणि मूळ संगीतकारांतही अनेक गरीब कृष्णवर्णीय वादक होते, ज्यांना सॅम्पलमधून काहीच मिळाले नाही. डॅपर डॅनच्या बाजूने मांडले जाते ते असे: हार्लेमचे ग्राहक त्या घराण्यांच्या दुकानांत पाहुणे म्हणून कधी स्वीकारले गेले नाहीत आणि त्याने शिवलेला कोट त्या घराण्यांकडे मिळतच नव्हता. २०१७ मध्ये काटा उलटा फिरला. धावपटू डायेन डिक्सन हिच्यासाठी त्याने १९८९ मध्ये शिवलेल्या जाकिटाची हुबेहूब आवृत्ती गुचीच्या संग्रहात दिसली. गदारोळ झाला, मग भागीदारी झाली आणि २०१८ च्या सुरुवातीला हार्लेममध्ये गुचीच्या पाठबळावर त्याची नवी कार्यशाळा उघडली. काहींना ही उशिरा आलेली पोचपावती वाटते. काहींना वाटते की कंपनीने बाहेरचा माणूस आत घेऊन प्रश्न मिटवला.

कायदा अजून एका सुरात बोलत नाही. सॅम्पल कितीही छोटे असले तरी परवाना हवा, असे २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने सांगितले. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने ते नाकारले.

कवितेच्या बाजूला न्यायालयाचा प्रश्न याहून गंभीर होतो. न्यू जर्सीतील एका खटल्यात आरोपीच्या वह्यांतील रॅपच्या तेरा पानांचे ज्युरीसमोर वाचन झाले. त्यातील बराच मजकूर गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेला होता. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा पुराव्याला लगाम घातला. सरकारी वकिलांचे म्हणणे असे, की ओळीत गुन्ह्याचा नेमका तपशील असेल तर ती ओळ गाण्यात आहे म्हणून बाजूला का ठेवायची? बचाव पक्ष म्हणतो, की कादंबरीकाराच्या खुनाच्या वर्णनाला कोणी पुरावा मानत नाही, तर मग रॅपरच्या वहीला का? रॅप ही कविता आहे का, हा वर्गातला प्रश्न इथे माणसाच्या शिक्षेशी येऊन भिडतो.

प्रेम कोणाचे, हक्क कोणाचा

हिप-हॉपवर प्रेम करणारे आता जगभर आहेत. रॅपच्या ओळी भरतकामात उतरवणारे, गायकांच्या बाहुल्या विणणारे, त्यांच्या चित्रांच्या रंगवह्या काढणारे चाहते सगळीकडे दिसतात. याकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. एक म्हणतो, की हिप-हॉप मुळातच जोडत जाणारी संस्कृती आहे, येणाऱ्याला ती शिकवते आणि सामावून घेते. दुसरा म्हणतो, की ज्यांना त्या वस्तीतले जगणे वाट्याला आले नाही ते त्यातला गमतीचा भाग तेवढा उचलतात. गॅंगच्या हिंसेविषयीची ओळ नाजूक टाक्यांत भरली की विनोद होतो, पण हसतो कोण आणि कोणावर, हे विचारायला हवे, असा त्यांचा आग्रह असतो.

या चर्चेत स्त्रियांच्या कामाची दखल उशिरा आली. जोन मॉर्गन यांनी १९९९ मध्ये हिप-हॉप स्त्रीवादाची मांडणी केली, तेव्हा भर गीतांतील स्त्रीप्रतिमेवर होता. हातांच्या कामाकडे लक्ष अलीकडे वळले. रॅपर लिल किमचे बोधचिन्हे रंगवलेले टोप गाजले, पण ते करणाऱ्या डियोन अलेक्झांडर यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ‘द कल्चर’सारख्या प्रदर्शनांमुळे. बिसा बटलर यांनी सॉल्ट-एन-पेपा यांचे व्यक्तिचित्र कापडाचे तुकडे जोडून, टाके घालून केले आहे. रंगांनी चित्र काढायचे शिक्षण घेतलेल्या बटलर गोधडीकडे वळल्या आणि तिथे त्यांना घरातल्या बायकांच्या हातांची परंपरा मिळाली. केस, नखे, शिवण ही कामे घरगुती मानली गेल्यामुळे ती हिप-हॉपच्या मान्यताप्राप्त घटकांच्या यादीत कधी आलीच नाहीत, हे आता अधिक मोकळेपणाने मान्य केले जाते.

मुंबईकडून पाहताना

महाराष्ट्राचा या प्रवाहाशी संबंध ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटाच्या कितीतरी आधीचा आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. लास्ट पोएट्स ज्या राजकीय वातावरणातून आले, त्याच्याशी नामदेव ढसाळांच्या पिढीने थेट नाते सांगितले. त्याच सुमारास मराठीतील लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइल करून, हाताने जोडून वाटली जात होती.

आजचे इथले रॅपर या दोन्ही वारशांवर उभे आहेत. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ केले. स्वदेशी या बहुभाषिक गटातील एमसी मवाली मराठीत रॅप करतो. या गटाचे ‘वारली रिव्होल्ट’ (२०१९) हे गाणे आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या सहभागाने झाले. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी आदिवासी प्रश्नांवर लिहिते. धारावीत मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग आणि ब्रेकडान्स शिकवणारे उपक्रम दहाएक वर्षे चालू आहेत. धारावी ही कुंभारकाम, चामडेकाम आणि भरतकामाचीही वस्ती आहे. तिथल्या हिप-हॉपवरचे लेखन मात्र गाण्यांभोवतीच फिरते.

अमेरिकेतले वाद इथे वेगळ्या रूपात भेटतात. कागद की कंठ हा प्रश्न मराठीला जुना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आणि शाहिरी पोवाडे छापताना नेमकी हीच अडचण आली. त्यामुळे रॅप साहित्यात बसतो का, असे विचारणाऱ्या मराठी समीक्षकाकडे उधार घ्यावे न लागणारे साधन आहे. कायद्याच्या बाजूला, भिंतीवरच्या कलाकृतीबाबत कलाकाराचा नैतिक हक्क भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने मान्य केला. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण शहरी ग्राफिटीत किंवा रॅपच्या टी-शर्टवर वारली आकृती आली तर त्याचे काय, याचा निवाडा झालेला नाही. ओळींवरून गुन्हे दाखल होण्याचा अनुभवही इथे आहे. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीकेच्या रॅपवरून दोन मराठी रॅपरांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. अमेरिकेत ओळ गुन्ह्याचा पुरावा ठरते, इथे ओळ हाच गुन्हा ठरण्याचा धोका असतो.

काय सुटले, काय उरले

काही गोष्टींवर आता फारसे दुमत नाही. रॅपमध्ये कारागिरी आहे, हे त्याचा आशय न आवडणारेही नाकारत नाहीत. पत्रके आणि जाकिटे जपली पाहिजेत, हे संग्रहालयांना पटले आहे. ही संस्कृती जन्मतःच हस्तोद्योगाची होती, हेही संशोधनातून पुरेसे पुढे आले आहे.

तीन प्रश्न मात्र उघडे आहेत. पहिला प्रश्न नोंदीचा. रॅप कागदावर कसा उतरवावा, याची सर्वमान्य पद्धत नाही. रॅपरच्या स्वतःच्या वहीतील ओळींची मांडणी प्रमाण मानावी की ध्वनिमुद्रण, हे ठरलेले नाही. तुपाकच्या पुस्तकासारखी हस्ताक्षरासह छपाई हा एक मार्ग आहे, पण तो विरळाच वापरला जातो. दुसरा प्रश्न श्रेयाचा. कॅझची वही, डॅपर डॅनचा कोट, अलेक्झांडरचे टोप या तिन्ही प्रसंगांत वस्तू किंवा ओळ गाजली आणि करणाऱ्याचे नाव मागून आले किंवा आलेच नाही. तिसरा प्रश्न उसनवारीच्या मर्यादेचा. दुसऱ्याच्या मालातून नवे घडवणे हा या कलेचा प्राण असेल, तर मूळ मालकाला किती आणि कशा रूपात द्यायचे, याचे न्याय्य कोष्टक अजून कोणी मांडलेले नाही.

या तिन्ही प्रश्नांना एक सामाईक मूळ आहे. ट्रिशिया रोझ यांनी ‘ब्लॅक नॉइझ’ (१९९४) या पुस्तकात दाखवले होते, की ग्राफिटी, नृत्य आणि रॅप यांत प्रवाह, थर आणि मध्येच येणारा तुटकपणा ही तीन सूत्रे समान आहेत. भिंतीवरचे वळणदार अक्षर आणि तालावर वळण घेणारी ओळ एकाच रीतीने रचली जातात. ही मांडणी सर्वत्र उद्धृत झाली, पण संशोधनाची विभागणी तशीच राहिली. कवितेचे अभ्यासक ओळी मोजत राहिले आणि कलेचे अभ्यासक वस्तू. परिणाम असा, की सॅम्पलिंगच्या खटल्यांतून जे शिकता आले असते ते कापडाच्या वादात वापरले गेले नाही आणि ग्राफिटीकारांनी न्यायालयात मिळवलेला नैतिक हक्काचा युक्तिवाद वहीतल्या ओळींच्या बाजूने फारसा मांडला गेला नाही. पुढच्या टप्प्यावर उपयोगी ठरेल ते काम म्हणजे या दोन वह्या एकत्र बांधणे. ओळ नोंदवताना ती कोणी, कुठे, कशासाठी लिहिली हे नोंदवायचे आणि वस्तू मांडताना तिच्याबरोबर गायला गेलेला शब्द व ती करणाऱ्याचे नाव मांडायचे. हे झाले तर श्रेयाचा आणि मोबदल्याचा वाद निदान नेमक्या माहितीवर लढता येईल.